झुरळ कोणते, ते आधी बघा

पत्र

आमचे घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात आहे. जुने, कौलारू, चिऱ्याच्या भिंतींचे. पाच वर्षांपूर्वी मागच्या बाजूला स्लॅबचे नवीन स्वयंपाकघर आणि न्हाणी-संडास जोडून घेतला. या वर्षी झुरळांनी जीव नकोसा केलाय. यांनी स्प्रेचे चार डबे संपवले, मग पेस्ट कंट्रोलवाल्याला दोनदा बोलावले. दर वेळी वीस-पंचवीस दिवस बरे जातात आणि परत तेच. सासूबाई म्हणतात, श्रावणात घरात विष फवारायचे नाही. त्या बोरिक पावडरच्या गोळ्या करून ठेवतात. मुलगा चार वर्षांचा, त्याला पावसात धाप लागते. गणेश चवथीला मुंबईचे दोन्ही दीर कुटुंबासह येणार. गेल्या वर्षी इथे पोचल्यावर जाऊबाईंनी बॅग उघडली तर आतून झुरळ निघाले आणि त्या जे काही हसल्या, ते मी विसरलेले नाही. शिवाय देवघराच्या चौकटीला वाळवी, माळ्यावर उंदीर, तांदळात टोके. घर मी स्वच्छ ठेवते हो. काय करू?

— एक त्रासलेली सून

उत्तर

ताई, 'घर मी स्वच्छ ठेवते हो' हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलेत, म्हणून मी सुरुवात तिथूनच करते. झुरळ म्हणजे अस्वच्छतेची पावती नव्हे. त्याला लागते ऊब, ओल आणि अंग चेपून बसता येईल अशी फट. आषाढ-श्रावणात आपल्याकडे भिंतींनासुद्धा घाम फुटतो, मग ओल कुठून कमी पडणार? फटी तुमच्या नव्या स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांनी पुरवल्या आणि ऊब फ्रिजच्या मोटरने. खरकटे कमी असले तरी भागते. अन्नावाचून झुरळ आठवडेच्या आठवडे काढते, पाण्यावाचून मात्र त्याचे फार दिवस निघत नाहीत.

आणि जाऊबाईंच्या बॅगेतले ते झुरळ तुमच्याच घरचे कशावरून? बॅग मुंबईहून आली होती ना? घरात राहणारी लहान झुरळे असाच प्रवास करतात: बॅगेतून, पुठ्ठ्याच्या खोक्यातून, जुन्या फ्रिजमधून, कांद्याच्या पोत्यातून. यंदा कोणी हसले तर हे जरूर ऐकवा. गोड आवाजात.

आता कामाचे. तुमच्या पत्रात सगळे आहे, फक्त झुरळे कोणती ते नाही. लहान की मोठी? चुकीच्या झुरळाशी चुकीच्या हत्याराने भांडत राहिल्यामुळेच स्प्रेचे चार डबे वाया गेले, असा मला दाट संशय आहे. म्हणून आज रात्री एक करा. साडेअकराच्या सुमारास, स्वयंपाकघरातला दिवा तास-दोन तास बंद असताना, मोबाइलच्या टॉर्चवर लाल पातळ कागद लावून आत जा. लाल उजेड झुरळांना फारसा कळत नाही, त्यामुळे ती लगेच पळत नाहीत. दिवा लावू नका, चप्पल उगारू नका. नुसत्या बघा.

बोटाच्या पेराहून लहान, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या उभ्या रेघा असलेली झुरळे ट्रॉलीच्या बिजागरीतून, मिक्सरच्या बुडाखालून किंवा आदोळीच्या (विळीच्या) पाटाखालून निघाली, तर ती 'जर्मन' झुरळे. बिजागरीजवळ मिऱ्याची भरड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसतील, ती त्यांची विष्ठा. दीड इंचाचे, लालसर, मानेभोवती पिवळट कड असलेले धूड न्हाणीच्या किंवा मोरीच्या जाळीतून वर येताना दिसले, तर ते 'अमेरिकन'. नावांवर जाऊ नका. अमेरिकन म्हणतात ते मूळचे आफ्रिकेतले. आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाप्रमाणे जर्मन झुरळाची जात सुमारे २१०० वर्षांपूर्वी आपल्याच बाजूला, भारत-म्यानमारच्या पट्ट्यात, आशियाई झुरळापासून वेगळी झाली. जर्मनांनी उगाच बदनामी सोसली. ते आपलेच.

या दोन जाती म्हणजे दोन वेगळी भांडणे. मोठे झुरळ बहुतेक घराबाहेर राहते: सेप्टिक टँकमध्ये, गटारात, चेंबरमध्ये, सोडणांच्या (नारळाच्या सालींच्या) ढिगाखाली. पावसाने टाकी-चेंबर भरले की ते पाइपातून घरात येते. त्याला स्वयंपाकघरात औषध मारणे म्हणजे दार उघडे टाकून मच्छर अगरबत्ती लावणे. त्याची वाट बंद करायची. मोरी आणि न्हाणीला बारीक भोकांची जाळी, चेंबरच्या झाकणाच्या फटी सिमेंटने लिंपणे, संडासाच्या व्हेंट पाइपच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा तारेने बांधणे. आणखी एक गोष्ट हटकून विसरली जाते. वापरात नसलेली न्हाणी असेल, तर तिच्या जाळीत आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. जाळीखालच्या वळणात साठलेले पाणी हाच गटार आणि घर यांच्यामधला पडदा. ते आटले की रस्ता मोकळा. न्हाणीच्या चुलीसाठी सोडणे आणि करवंट्या भिंतीला टेकून रचल्या असतील, तर त्या घरापासून हात-दोन हात लांब, पत्र्याखाली हलवा.

लहान झुरळ मात्र घराबाहेर जातच नाही. ते जन्मते, वाढते आणि मरते तुमच्या ओट्याच्या चार-पाच फुटांत. 'वीस-पंचवीस दिवस बरे जातात', यावरून तुमच्याकडे मुख्यतः हेच आहे असे मला वाटते. मादीच्या शेपटाशी अंड्यांची डबी असते, कडेला मुरड घातलेली, थेट नेवरीच्या, म्हणजे करंजीच्या, आकाराची (चवथ तोंडावर असताना ही उपमा दिली, माफ करा). त्या डबीत तीस-चाळीस अंडी. फवारलेले औषध डबीच्या आत पोचत नाही. अंडी घेऊन आडोशाला बसलेली मादी फटीतून फारशी हलतही नाही, त्यामुळे फवारा तिच्यापर्यंतही जात नाही. तीन-चार आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात आणि तुमचे यजमान पाचवा डबा आणायला निघतात.

स्प्रेचा दुसरा तोटा असा, की त्याच्या वासाने झुरळे पांगतात. स्वयंपाकघरात होती ती माजघरात जातात, माजघरातली देवघरात. या औषधांना न दाद देणारी पिढीही एव्हाना सगळीकडे तयार झाली आहे. शिवाय गॅस पेटता असताना स्प्रे मारणे म्हणजे आगीशी खेळ. तेव्हा हा डबा आजपासून कपाटात. बंद खोलीत धूर सोडणारे 'बॉम्ब' मिळतात, तेही नको. २०१९ मध्ये अमेरिकेत खऱ्याखुऱ्या घरांमध्ये ते तपासून पाहिले. झुरळांची संख्या जवळजवळ तशीच राहिली आणि विष मात्र ओट्यावर, जमिनीवर बसले.

लहान झुरळावर चालते ते जेल. पिचकारीसारख्या नळीत मिळते, औषधाच्या दुकानापेक्षा शेतीच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळेल. त्यावर फिप्रोनिल ०.०५ टक्के किंवा इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के असे लिहिलेले असते. झुरळ ते खाऊन फटीत परत जाते आणि तिथे मरते. मग बाकीची त्याची विष्ठा आणि प्रेत खातात आणि तीही मरतात. बाहेर न येणाऱ्या पिल्लांपर्यंत विष पोचायचा हाच मार्ग. ऐकायला किळसवाणे आहे, पण सगळी मदार यावरच आहे.

लावताना बहुतेकांचा हात सढळ होतो. मोठा गोळा वरून सुकतो, मग झुरळ त्याला तोंड लावत नाही. मुगाच्या दाण्याएवढा ठिपका, आणि असे पुष्कळ. ट्रॉल्या पूर्ण बाहेर ओढून प्रत्येक बिजागरीच्या आत, रुळाच्या मागच्या टोकाला, सिंकच्या बुडाखाली पाइप भिंतीत शिरतो तिथे, फ्रिजच्या मागे मोटरच्या आसपास (तारांवर नाही), शेगडीच्या मागच्या फटीत. जिथे मिऱ्याची भरड दिसली तिथे नक्की. आधी त्या जागा ओल्या फडक्याने पुसून कोरड्या करा. एकदा जेल लावले की तिथे फिनेल नको, स्प्रे तर नकोच. वास आला की झुरळ जेलजवळ फिरकत नाही. रात्री सिंक पुसून कोरडे करा, नळ टपकत असेल तर चकती बदलून घ्या, ओले फडके पिळून बाहेर दोरीवर टाका. पाणी तोडल्याशिवाय जेल अर्धेच काम करते.

दहा-बारा दिवसांनी पुन्हा बघा. ठिपके संपले असतील तर परत लावा. ते खाल्ले गेले ही चांगली खूण. तसेच पडून असतील तर दुसऱ्या औषधाचे जेल आणा. गोडाला नाक मुरडणारी झुरळेही असतात. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले, की काही जर्मन झुरळांना ग्लुकोज चक्क कडू लागते, म्हणून ती गोड आमिष सोडून देतात. साखर कडू लागणारी झुरळे! श्रावणात आपणही एवढे कडक राहत नाही.

सासूबाईंविषयी. श्रावणात फवारणी नको पण बोरिकच्या गोळ्या चालतात, हे त्यांचे गणित मला मनापासून आवडले. गोळ्यांनी झुरळे मरतात, फवारणीने मरतात तशीच. त्यांचा खरा आक्षेप नैवेद्याच्या स्वयंपाकघरात विषाचा वास आणि थेंब नको, हा असावा. आणि तो आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. बोरिकही चालते, फक्त सावकाश. पण कणीक-साखरेच्या गोळ्या चार वर्षांच्या मुलाच्या हाताशी ठेवू नका. त्याला तो पेढाच वाटेल. त्याऐवजी कोरडी पावडर ट्रॉलीमागच्या बंद फटीत भुरभुरा. रांगोळीसारखी रेघ ओढलीत तर झुरळ वळसा घालून जाते. पीठ चाळताना ताटाच्या कडेवर जेवढे उडून बसते, तेवढाच थर हवा. हे काम सासूबाईंकडेच द्या. ही फक्त माझी सूचना, पण घरातला अर्धा वाद त्यात मिटेल. तमालपत्र, कापूर, काकडीच्या साली यांचे म्हणाल तर वास छान येतो, झुरळ मरत नाही. झुरळांचा खडूही घरात नको. पाटीवरच्या पेन्सिलीत आणि त्यात मुलाला फरक कळत नाही.

मुलाची धाप मी मधेच घेतली, पण तिला पहिला नंबर द्या. झुरळांची विष्ठा आणि टाकलेली कात सुकून त्यांचा चुरा होतो, धुळीत मिसळतो, आणि दम्याची प्रवृत्ती असलेल्या मुलांना त्याने त्रास होतो. झुरळे मेली तरी तो चुरा घरात राहतोच. म्हणून ट्रॉल्यांमागचा कचरा झाडूने उडवू नका. तोंडाला फडके बांधून ओल्या फडक्याने टिपून घ्या, आणि त्या वेळी मुलाला शेजारी पाठवा. बालरोगतज्ज्ञांना दाखवताना 'घरात झुरळे आहेत' हे न लाजता सांगा. पावसातली सगळी धाप झुरळांमुळेच असेल असे नाही, ओल-बुरशीही असते. पण डॉक्टरांना माहीत हवे.

पेस्ट कंट्रोलवाल्याचे काय, असे तुम्ही थेट विचारलेले नाही, तरी सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या म्हापशाच्या फ्लॅटमध्ये एकजण पाठीवर पंप घेऊन आला. औषधाचे नाव विचारले तर 'मॅडम, हर्बल' म्हणाला. वास रॉकेलचा. संध्याकाळपर्यंत मुलाच्या टाकीतले सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. ही झुरळांची नेहमीची फवारणीची औषधे माशांना अतिशय विषारी असतात, हे मला नंतर कळले. त्याला ते माहीत असायला हवे होते, आणि टाकी झाकायला सांगायला हवे होते. बिलावर औषधाचे नावच नव्हते, त्यामुळे तक्रार तरी कशाची करणार? मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

तेव्हापासून माझा नियम: आधी परवाना दाखवा, मग पंप खाली ठेवा. कीटकनाशक अधिनियम, १९६८ प्रमाणे या धंद्याला परवाना लागतो. औषधाची मूळ बाटली बघायची. तिच्यावरचा रंगीत त्रिकोण तीव्रता सांगतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. 'हर्बल' नावाचा त्रिकोण नसतो. बोलावलेच तर 'फवारणी नको, जेल लावा' असे स्पष्ट सांगा, आणि पंधरा दिवसांनी दुसरी फेरी त्याच पैशांत ठरवून घ्या.

उरलेल्या तिघांचे थोडक्यात.

टोके: पावसात ऊन नाही, म्हणजे तांदूळ वाळवता येणार नाहीत. रोजच्या वापराचे दोन-तीन किलो फ्रीजरमध्ये चार-पाच दिवस ठेवा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. टोके लागलेल्या पिंपात नवीन तांदूळ ओतू नका, पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेला, बाकी साठाही उघडून बघा. आणि धान्यात टाकायच्या त्या जहाल गोळ्या, ज्यांना सगळे सल्फास म्हणतात, त्या कोणी कितीही आग्रहाने दिल्या तरी उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नका. त्यांतून सुटणाऱ्या वायूने झोपेत माणसे मेली आहेत.

उंदीर: चवथीच्या आधी विष अजिबात घालू नका. विष खाल्लेला उंदीर कौलांखाली, वाशांच्या सापटीत जाऊन मरतो, आणि ऐन आरतीच्या वेळी त्याचा वास खाली येतो. टूथपेस्टसारख्या नळीत मिळणारे उंदरांचे औषध तर कधीच नको. ते पोटात गेले तर यकृत निकामी होते आणि त्याला उतारा नाही. पिंजरा लावा. एरवी मी खाऱ्या बांगड्याचे डोके सुचवले असते, पण श्रावण आहे, भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा चालेल. लेंड्या कोरड्या झाडू नका. हातमोजे घालून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिजवून मग पुसा. लेप्टोचे (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचे) दिवस आहेत. नंतर ताप आला तर डॉक्टरांना उंदरांचे आवर्जून सांगा.

वाळवीबद्दल मात्र थोडे सविस्तर, कारण इथे घाई करून माणसे विहीर नासवतात. आपल्याकडे रोयणीला, म्हणजे वाळवीच्या वारुळाला, सातेरी देवी म्हणून पुजतात आणि चौकटीला तीच वाळवी लागली की रॉकेल ओततात. आपले नाते असे दुहेरी आहे. रॉकेलने वरची वाळवी मरते, जमिनीतले घर शाबूत राहते. आधी चौकटीवरची मातीची नळी बोटाने दोन इंच मोडा. दोन-तीन दिवसांत ती परत लिंपलेली दिसली तर वस्ती चालू आहे. कोरडीच राहिली तर ती जुनी खूण असू शकते. चालू असेल तर भिंतीच्या बुडाशी भोके पाडून औषध सोडावे लागते, आणि ते भर पावसात करायचे काम नाही. दिवाळीनंतर, माती वाळल्यावर, परवानाधारक माणसाकडून करून घ्या. घराला लागून विहीर असेल तर ते त्याला आधी दाखवा. चिरे आणि जांभ्याची जमीन पाणी झटकन खाली जाऊ देते. भिंतीत सोडलेले विष तुमच्या घागरीत यायला वेळ लागत नाही. 'काही होत नाही हो' म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. तोवर मातीच्या नळ्या मोडत राहा आणि चौकटीला टेकून ठेवलेले पाट, पुठ्ठे, जुनी पंचांगे उचला.

पत्रावर नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसाची तारीख आहे, म्हणजे हे छापून येईल तेव्हा चवथीला तीन-साडेतीन आठवडे असतील. जेलला पहिला फरक दाखवायला आठवडा-दीड आठवडा लागतो, त्यामुळे दोन फेऱ्या आरामात बसतात. दुसरी फेरी चवथीच्या किमान आठवडाभर आधी आटपा, म्हणजे नेवऱ्या-मोदकांच्या गडबडीत ट्रॉल्या ओढायला नकोत. माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास) बांधली की तिच्या आसपास कसलाच फवारा नको. ती फळे नंतर घरात आणि शेजारी वाटली जातात. पिकलेल्या फळांवर चिलटे येतील, ती येऊ द्यात. मुंग्यांसाठी नैवेद्याच्या चौरंगाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, सासूबाईंना ही युक्ती ठाऊक असेलच.

आणि आजच झुरळांच्या चार चिकटपट्ट्या आणा: एक सिंकखाली, एक फ्रिजमागे, एक शेगडीजवळ, एक न्हाणीत. तीन रात्रींनी चिकटलेली झुरळे मोजा आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. जेल लावल्यावर दोन आठवड्यांनी नव्या पट्ट्या त्याच जागी ठेवून परत मोजा. दोन्ही आकडे मला कळवा. आणि मोठी किती, लहान किती, तेही वेगळे लिहा.